गॅलरीतलं अंथरूण

कोपरीच्या चाळीत कलावतीच्या सासरची एकच खोली. सासू, भागीरथीबाई, लग्नाच्या रात्रीपासून ऐन थंडीतही बाहेर गॅलरीत झोपायच्या. नव्या जोडप्याला आडोसा हवा ना! अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं कलावती माहेरी तोंडभरून सांगायची. रात्री शेजारी नवरा खोकायचा. विडीचा खोकला म्हणे.

वर्षभरात कलावतीच्याच थुंकीतून रक्त पडलं. टीबी निघाला.

दवाखान्यात डॉक्टर नवऱ्यावर उखडले, "लग्नाआधीच बजावलेलं ना, गोळ्या सोडू नकोस? आणि खोकल्यातून पसरतो, बरा होईपर्यंत कुणाला जवळ झोपवू नकोस?"

"आईला सांगितलेलं मी," तो पुटपुटला.

कलावतीने वळून पाहिलं. भागीरथीबाई दारातच थांबल्या होत्या, नाकातोंडावर पदर घट्ट धरून.

"आता माझ्यापासूनही लांब, गॅलरीतच झोपा, सासूबाई," ती म्हणाली.