काळा होणारा चष्मा

पप्पा शनिवारी प्रेसमधून रिटायर होणार होते आणि कॉलनीच्या गेटवर त्यांचा फ्लेक्स लागणार होता. फ्लेक्सवाल्या हर्षलने सांगूनच टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत नवा फोटो आला नाही तर आयकार्डावरचाच मोठा करून छापतो. त्या फोटोत पप्पा असे दिसायचे, जणू कुणी त्यांना नुकतंच पकडून आणलंय. काहीही झालं तरी तो फोटो गेटवर चढू द्यायचा नाही, असं चैतालीने ठरवलं. दहावीत असली म्हणून काय झालं, यंदाच्या गॅदरिंगचे सगळे फोटो तिनेच काढले होते.

दुपारी गच्चीवर मात्र सगळंच बिनसलं. फोटो म्हटला की उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं, ही पप्पांची पक्की समजूत. छाती बाहेर, हात मांड्यांना चिकटलेले. त्यात त्यांचा चष्मा उन्हात आपोआप काळा होणारा. ओठांवर नाकाची सावली आणि डोळे तर गायबच. चष्मा काढून पाहिला, तर मम्मीने विचारलं, हे कोण पाहुणे आलेत म्हणून.

मग चैताली ऊन उतरेपर्यंत थांबली. उन्हं कलली तशी तिने पप्पांना खाली कडुनिंबाच्या सावलीत नेलं, स्कूटरला जरा टेकवलं, एक हात सीटवर ठेवायला लावला. चेहऱ्यावर मऊ उजेड पडावा म्हणून मम्मीला समोर पांढरी चादर धरून उभं केलं. आता फक्त काच निवळायची होती. हर्षलचा फोन वाजत राहिला, तिने उचललाच नाही.

वाट बघता बघता पप्पांचे खांदे सैल झाले. चादरीवरून मम्मीचे नुसते डोळे दिसत होते.

"काय गं, चादर वाळत घालायला आलीस का?"

"गप उभे राहा. हात भरून आले ना, तर ही तुमच्याच डोक्यावर टाकीन."

पप्पांच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला. काच निवळली होती, आणि डोळ्यांत चादरीचा छोटासा पांढरा तुकडा चमकत होता. चैतालीने श्वास रोखून बटण दाबलं.

शनिवारी गेटवर पप्पा स्कूटरला टेकून, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत हसत होते. येणारा-जाणारा विचारत होता, जयरामभाऊ एवढं कुणाकडे बघतायत?

मम्मी त्या दिवशी दूध आणायला मागच्या गेटने गेली.