पोकळ फरशीचा आवाज

मी एक जुना मेंदू आहे. मित्रांनो, तुमच्याही डोक्यात माझा एकेक भाऊबंद बसलेला आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही आणि त्यानंही तुम्हाला पाहिलेलं नाही. आम्ही हाडाच्या बंद पेटीत जन्मतो आणि तिथेच म्हातारे होतो. पेटीला खिडकी नाही, आत मिट्ट काळोख. उजेड, आवाज, ऊन, थंडी, जे काही मला कळतं ते मज्जातंतूंनी आणलेल्या निरोपांवरून. गंमत म्हणजे साऱ्या अंगाचं दुखणं मला कळतं, पण मला स्वतःला कुणी टाचणी टोचली तर काहीच कळणार नाही.

मी ज्यांच्या डोक्यात राहतो ते घरोघर फरशी बसवण्याचं काम करत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मिस्त्री आणि मी वेगळे की एकच, हे कोडं मलाही सुटलेलं नाही. सोयीसाठी आपण वेगळे धरू.

सुरुवातीला मी अगदी कोरा होतो. आपला हात कुठे संपतो आणि पाळण्याची दांडी कुठे सुरू होते, एवढंसुद्धा मला उमगत नव्हतं. पडत, आपटत, चाटत, ओरबाडत मी शिकलो. माझ्यात सगळ्या अंगाचा एक नकाशा आहे, पण तो फार विचित्र आहे. एवढ्या मोठ्या पाठीला त्यात चिमूटभर जागा, आणि बोटांच्या टोकांचा संसार मात्र ऐसपैस. मिस्त्रींनी करणी, म्हणजे माल पसरायची थापी, हातात घेतल्यापासून त्यांच्या बोटांची जागा वाढतच गेली. दोन फरश्यांच्या सांध्यावरून ते डोळे मिटून बोट फिरवत आणि केसभर उंचवटा असला तरी मला तो डोंगरासारखा जाणवे.

बसवलेली प्रत्येक फरशी ते करणीच्या दांड्यानं ठोकून बघत. खाली सिमेंट-वाळूचा माल नीट भरला असेल तर ‘ठक्’ असा भरीव आवाज येतो. कुठे पोकळी राहिली असेल तर ‘डब्’. डब् आला की फरशी उचलायची, मग मालक कितीही घाईत असो. हाताखालचा माणूस म्हणाला, “चालेल हो मिस्त्री, कोण बघतंय?” की ते भडकत. “चालेल? अरे, ‘चालेल’ म्हणणाऱ्याची भिंत पहिली पडते! चालेल म्हणे, चालेल!”

लोक म्हणायचे, “मिस्त्रींच्या हातात जादू आहे.” ऐकलंत? हातात! राबायचं मी आणि मिरवायचं हातानं. पण तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळीच. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि मिस्त्री त्या घेईनात. “मला धाड भरली आहे का?” असं म्हणून ते पुडी फळीवर टाकत. फरशीखालची पोकळी त्यांना लगेच ऐकू यायची, पण माझ्याकडे येणाऱ्या रक्ताचा जोर वाढलेला त्यांना कधी ऐकू आला नाही.

मग एका सकाळी माल कालवताना माझ्या डाव्या अर्ध्यातली एक रक्तवाहिनी तुंबली. करणी गळून पडली. मिस्त्री उजवीकडे कलंडले.

मित्रांनो, आमच्या तारा खाली उतरताना एकमेकींना ओलांडून जातात. त्यामुळे माझा डावा भाग बिघडला आणि उजवा हात-पाय लुळा पडला. बहुतेकांची वाचा राहते तीही डाव्याच भागात. ऐकलेलं समजून घेण्याची जागा एक, आणि शब्द जुळवून ओठ-जिभेला हुकूम देण्याची जागा दुसरी. माझी पहिली बरीचशी वाचली. दुसरी गेली. मिस्त्रींना सगळं कळायचं आणि काहीच बोलता यायचं नाही. अख्ख्या भाषेतून एकच शब्द शिल्लक राहिला. रागाच्या भरात हजारदा उच्चारल्यामुळे असेल किंवा आणखी कशामुळे, पण तोंड उघडलं की तोच बाहेर पडे: “चालेल. चालेल.”

पाणी हवंय का? चालेल. दिवा मालवू? चालेल. मी आतून “नको!” असा निरोप धाडायचो आणि ओठांवर पोचेपर्यंत त्याचं “चालेल” झालेलं असायचं. बाहेरचे म्हणत, “किती शांत झाले हो! पूर्वी केवढा तापट माणूस!” शेजारी भेटायला येत आणि बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडत, “काका, ओळखलंत का?” ओळखलं होतं, बाबा. तुझ्या न्हाणीघराची फरशी आम्हीच बसवली आहे. पण हे सांगायचं कसं? पेटीला आधी निदान एक दार होतं. आता तेही लिंपून टाकलं होतं.

मिस्त्रींचा मुलगाही त्याच धंद्यातला. बापावर जीव टाकणारा, पण हाताला उसंत नसलेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की लुळा हात उशीवर ठेवा, जपून हलवा. त्याला ते पटेना. त्यानं कामावरची कप्पी आणून दाराच्या चौकटीला टांगली, दोर ओवला, एक टोक बापाच्या उजव्या मनगटाला बांधलं.

“अगं आई, ह्या कप्पीनं तिसऱ्या मजल्यावर वाळू चढवली आहे. बाबांचा हात काय जड आहे हिला? ओढला की मोकळा होईल.”

आणि त्यानं ओढला.

लुळ्या हाताला काही कळत नाही असं त्याला वाटलं. पण हुकूम खाली नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि दुखणं वर आणणाऱ्या वेगळ्या. सैल पडलेल्या खांद्याचं हाड खोबणीतून सरकत होतं आणि त्याची कळ माझ्यापर्यंत लख्ख पोचत होती. मी हाताला म्हणालो, ओढून घे. हात हलला नाही. जिभेला म्हणालो, ओरड.

“चालेल, चालेल!” मिस्त्री कळवळून म्हणाले.

“बघ, चालेल म्हणतात!” मुलगा खूश झाला. “उद्यापासून सकाळ-संध्याकाळ करू.”

रोज कप्पी कुरकुरायची, रोज खांदा पेटायचा. असंच चाललं असतं तर तो खांदा कायमचा आखडला असता. माझ्या उजव्या भागाकडे डावा हात होता, तो धडधाकट होता. पण वाचा नसताना हातानं बोलायचं काय? मी चाचपडत राहिलो. शेवटी, दोर ताणला गेला तेव्हा, त्या हाताला सर्वांत जुनं काम आठवलं. खाटेशेजारच्या भिंतीला कमरेपर्यंत फरशी होती, मुलानंच घाईत बसवलेली. मिस्त्रींनी बोटांच्या पेरांनी तिच्यावर ठोकलं.

डब्.

“हो बाबा, ती पोकळ आहे, माहीत आहे,” मुलगा ओशाळून म्हणाला. “उचलून परत बसवतो. या अवस्थेतही माझं काम तपासताय!”

दोर पुन्हा ताणला. डब्, डब्, डब्.

“अहो, पेरं सोलतील!” मिस्त्रींची बायको आतून आली. भिंतीकडे न बघता तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. कपाळ घामानं डबडबलं होतं. “दोर सोड रे.”

“अगं, चालेल म्हणतात ना!”

“ह्यांनी जन्मात कुठल्या गोष्टीला चालेल म्हटलंय? सोड म्हणते ना!”

त्यानं दोर सैल केला. डावा हात सरकला आणि शेजारच्या फरशीवर पडला. ठक्.

मुलानं त्या दोन फरश्यांकडे पाहिलं. खाटेजवळ बसून त्यानं हळूच विचारलं, “बाबा, हात ओढला की दुखतंय?”

“चालेल,” तोंड म्हणालं. हात पोकळ फरशीवर गेला. डब्.

“आणि आता? सैल सोडल्यावर?”

ठक्.

“मी रोज...” त्यानं मनगटाची गाठ सोडली.

बायकोनं लुळ्या हाताखाली उशी सरकवली आणि ती खांद्यावरून तळवा फिरवायला लागली. मित्रांनो, ठेच लागली की तुम्ही ती जागा का चोळता, ठाऊक आहे? स्पर्शाचा निरोप दुखण्याच्या निरोपापेक्षा लवकर पळतो. पाठीच्या कण्यात दोघं भेटतात आणि स्पर्शाची गर्दी झाली की दुखण्याला वाट अरुंद होते. तशी ती झाली. कळ गेली नाही, पण मवाळ झाली.

मी अजून आतच आहे. शब्द परत आलेले नाहीत. माझ्या जखमेच्या आसपासचा भाग थोडंथोडं काम शिकतो आहे, आणि ते फार सावकाश चाललं आहे. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी असा कुणी अडकलेला असेल तर त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असं बोलू नका, जणू तो तिथे नाहीच. प्रश्न विचारा, एका वेळी एकच. मग थांबा. त्याच्या तोंडाकडे, हाताकडे, डोळ्यांकडे बघत थांबा. आमचं उत्तर फार लांबून येतं, आणि ते निघालेलं असतं.