दार वाळेपर्यंत

रंगात अडकलेला केस तिला दिसला तो दुसरा हात मारून झाल्यावर — दाराच्या बरोबर मधोमध, स्वल्पविरामासारखा वाकून बसलेला. काळा असता तर ब्रशच्या नावावर खपवता आला असता, पण हा पांढरा, आणि घरात पांढऱ्या केसांची माणसं दोनच, त्यातल्या एकाच्या डोक्यावर गळायला काही उरलेलंच नाही. म्हणजे माझाच. नखाने काढावा तर रंगाला ओरखडा, ठेवावा तर जन्मभर आपण दारावर... राहू दे. हस्तिदंती रंगावर पांढरा केस कोणाला दिसतोय. दिसलाच तर नणंदेला दिसेल, आणि ती कशाला मरायला येतेय इथे.

"हा हस्तिदंती?" हॉलमधल्या स्टुलावरून नवरा म्हणाला. रंगाचा डबा घरात आल्यापासून तो त्या स्टुलावर देखरेखीला बसला होता. "आमच्या शाळेच्या मुतारीला हाच होता."

"मग ओळखीचा वाटेल तुम्हाला."

"खालून वर मारतात गं. वरून खाली नाही."

"तुम्ही किती दारं रंगवलीत?"

"बघितलीत पुष्कळ."

घरातली सगळी दारं आज अशी ताटकळत उघडी होती, खाली वर्तमानपत्राच्या घड्या खुपसलेल्या, कड्या-मुठी काढून स्वयंपाकघरात वाडग्यात ठेवलेल्या. रंगवाल्या दुकानदाराने बजावलं होतं — पूर्ण वाळल्याशिवाय दार लावायचं नाही काकू, लावलंत तर चौकटीला असं धरून बसेल की पहारीने सोडवावं लागेल. तिला ते पटलं होतं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला चिकटलेल्या गोष्टींबद्दल कोणी नव्याने काय सांगणार.

"बरं, ते सांगायचं राहिलंच," नवरा म्हणाला, दूध उतू गेलं म्हणावं इतक्या सहज. "ताई येतेय. महिनाभर."

"कधी ठरलं?"

"झाले चार दिवस."

ताई. खिडकीच्या कडेवर बोट फिरवून ते बोट सगळ्यांना दाखवणारी ताई. राग आला — ठरलेल्या वाटेने, ओळखीच्या पावलांनी — तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला, ताठ मानेने खोलीत गेली, वळली, दार धाडकन लावायला हात पुढे केला, आणि जिथे मूठ असायची तिथे एक भोक होतं आणि भोकाभोवती ओला हस्तिदंत. हात हवेत राहिला. नवरा त्या हाताकडे बघत होता. हाताचं काहीतरी करायला हवं म्हणून तिने त्याच रंगलेल्या हाताने कान खाजवला, आणि कानालाही रंगाचा हात बसला.

मग ती दाराकडे पाठ करून पलंगावर बसली. उघड्यावर रागावायची सवय नव्हती. पाठ कशी ठेवतात रागात? फार वाकली तर दुःख वाटतं, फार ताठ ठेवली तर योगासन.

लग्नाच्या पहिल्या वर्षी याच दारामागे ती पहिल्यांदा रडली होती — कशावरून ते आता आठवतही नाही, दहा मिनिटांत रडू संपलं, पण इतक्या लवकर बाहेर जाणं शोभेना, म्हणून हाताशी असलेली एक रहस्यकथा उघडली, आडवी झाली... आणि संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. बाहेर नवरा चवड्यांवर चालत होता, रेडिओसुद्धा बारीक आवाजात लावला होता बिचाऱ्याने. केवढं सुख. नोकरदारांना किरकोळ रजा असते, हक्काची रजा असते, आजारपणाची असते. मला एकच, रागाची, आणि ती मी जपून वापरली. कपाटात, ब्लँकेटांच्या मागे, बिस्किटांचा डबा आणि चार खून, हो, पुस्तकांतले. बाहेर आल्यावर मोरीत दोन कप दिसायचे. काळजीने दोनदा चहा घेतो, या विचाराने ती दर वेळी त्याला माफ करून टाकायची.

आता ब्लँकेटांमागे हात घातला तर तीस वर्षांची अब्रू हॉलमधून स्पष्ट दिसेल. म्हणून ती नुसती बसून राहिली. खरा राग किती कंटाळवाणा असतो.

कपाटाच्या आरशात नवरा दिसत होता. दुःखी नव्हता. अस्वस्थ होता — स्टुलावरून उठला, दाराकडे बघितलं, परत बसला, पुन्हा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथलं दारही उघडंच, त्यामुळे फोनवरचा दबका आवाज सरळ खोलीत चालत आला.

"आज नको, कंडक्टर... अरे हो, बसलीय ना रागावून, पण दार लागत नाही... रंग... नाही रे, ओला आहे... पत्ते खिशातच राहू देत तुझ्या."

कंडक्टर म्हणजे वरच्या मजल्यावरचे, रिटायर झालेले. पत्ते कुटताना आरडाओरडा करतात म्हणून तिने त्यांना घरबंदी केली होती. म्हणजे तो रेडिओ... म्हणजे दोन कप... तिने पाठ आणखी ताठ केली, कारण हसू पाठीतूनही दिसतं. मी चोर, तर हा मोर.

आणि मग — थांब. मागच्या वेळी तो माझ्या आईच्या हाताच्या चवीबद्दल बोलला तो शनिवार होता. त्याआधी माझ्या घोरण्याबद्दल, तोही शनिवार. शनिवारी कंडक्टरांची बायको मुलीकडे जाते, ते मोकळे. आज शनिवार. म्हणजे राग मला येत होता, की आणवला जात होता? माझी रजा मंजूर कोण करत होतं?

"अहो," तो परत स्टुलावर येऊन बसल्यावर ती मागे न वळता म्हणाली. "ताई खरंच येतायत का?"

"म्हणजे... विचार चाललाय तिचा."

"त्यांना माहितीये का, विचार चाललाय ते?"

स्टूल करकरलं.

संतापायला हवं होतं. ती स्वतःच्या आत जाऊन राग शोधून आली, पण कशाला आलो ते विसरून खोलीत उभं राहावं तसं झालं. तिथे नुसतं बरं वाटत होतं, आणि थोडं फसल्यासारखं, आणि त्या फसण्यातही कुठेतरी बरंच.

ऊन पलंगावरून खाली सरकल्यावर तो दाराशी आला. तापातल्या लेकराची चौकशी करावी तसा विचारता झाला, "वाळलं का गं?"

ती उठली, केसाशेजारी बोट टेकवलं. बोट कोरडं आलं. एक 'हो' म्हटलं की दार लागेल, कंडक्टर जिना उतरतील, मला माझ्या पुस्तकातला खुनी सापडेल.

"अजून चिकट आहे," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही.

"केस आहे इथे," तो म्हणाला.

"ब्रशचा."

त्याने केसाकडे बघितलं, मग तिच्या रंगलेल्या कानाकडे, आणि मान डोलावली. गेला मात्र नाही. ती कपाटाकडे वळली, ब्लँकेटांमागे हात घातला, बोटांना डब्याचं झाकण लागलं. हे झाकण उघडताना भांड्यासारखं वाजतं. इतकी वर्षं तो आवाज दार गिळत आलं होतं; आज तो त्याला ऐकू जाणार होता. झाकणावर बोटं ठेवून ती उभी राहिली, मागे तो उभा होता हे पाठीला कळत होतं, आणि शाळेत पेपर वाटायच्या आधी व्हायचं तसं काहीतरी, भीतीसारखं, पण भीती नव्हे, तिला व्हायला लागलं होतं.