मागच्या सीटचा पट्टा

निझवा गावात घरच्या माणसांसाठी मोठी गाडी घ्यायची म्हटलं, की लोक एकमेकांना सांगत, ‘हिलालकडे जा.’ शोरूममध्ये विक्रेते चार-पाच होते, पण हिलालसारखं सांगणं कुणाला जमत नसे. तो गिऱ्हाइकाला आधी कॉफी पाजायचा, खजूर पुढे करायचा आणि मग भिंतीवरच्या पडद्यावर गाडीच्या चाचणीचं चित्रण लावायचा. गाडी वेगात येऊन ठोकळ्यावर आदळते, पुढचा भाग कागदासारखा चुरगळतो, पण आत बसवलेले पुतळे जागच्या जागी राहतात. पाचपैकी पाच तारे मिळाले होते तिला. पुतळ्यांपाशी आलं, की हिलाल चित्र थांबवायचा.

“हे बघा, पुढचे दोघे शाबूत. पण मागं बसलेल्यानं पट्टा लावला नसेल ना, तर तो माणूस राहत नाही, धोंडा होतो धोंडा. पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. गाडी चांगली आहे म्हणून गाफील राहू नका.”

बायाबापड्यांच्या अंगावर काटा यायचा. पुरुष खाकरायचे. आणि गाडी विकली जायची.

त्यानं स्वतःही तीच गाडी घेतली होती, पांढरी. बायको शम्सा, चार वर्षांची मुलगी मैथा आणि वडील खलफान, एवढं त्याचं घर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खलफाननं उभी हयात खजुराच्या बागेत आणि एका खडखडणाऱ्या पिकअपमध्ये घालवली होती. नजर अधू झाल्यावर त्यानं चालवणं सोडलं. पहिल्यांदा या गाडीत बसला तेव्हा म्हणाला, “ही गाडी आहे का पाहुण्यांची मजलिस? फक्त उशा तेवढ्या कमी आहेत.”

त्या गुरुवारी हिलालनं मागच्या सीटवर जाड शिवणीचं नवं कव्हर चढवलं. मैथा सारखा आंब्याचा रस सांडायची. कव्हर छान ताणून बसवलं, कडा आत खोचल्या. पट्टा अडकवायची खाच त्या कडेखाली दबून गेली, हे त्याला दिसलं होतं. नंतर काढू, म्हणाला, आणि विसरला.

शुक्रवारी दुपारी सगळे शम्साच्या माहेरी बहलाला गेले होते. निघताना उशीर झाला. हिलालला संध्याकाळी एक गिऱ्हाईक भेटायचं होतं, आणि शम्साचं आईशी दारातलं बोलणं संपत नव्हतं. अखेर सगळे बसले. शम्सा पुढे, तिच्या मागं खलफान, हिलालच्या मागं मैथा तिच्या छोट्या खुर्चीत. हिलालनं मुलीचे पट्टे स्वतः आवळले, ओढून पाहिले. मग स्टिअरिंगपाशी येऊन बसला.

मागं म्हातारा पट्ट्याचं टोक हातात धरून चाचपडत होता.

“हिलाल, अरे, हे कुठं अडकवायचं? भोकच सापडेना मला.”

“असेल तिथंच, बाबा. कव्हराखाली बघा.”

“बघतोय की. तू जरा येतोस का इकडं?”

हिलालनं गाडी सुरू केली होती. मागून शम्साच्या भावाची, बद्रची गाडी बाहेर पडायला थांबली होती. त्यानं एकदा हॉर्न दिला.

“राहू दे हो बाबा! मागं कशाला हवाय पट्टा? अर्ध्या तासाचा तर रस्ता. आणि पाच तारे आहेत या गाडीला.”

“बरं बाबा, तुझे तारे,” म्हणून खलफाननं टोक सोडलं. पट्टा सर्रकन आत गेला.

रस्ता ओळखीचा होता. ऊन उतरलं होतं. मैथा झोपली. खलफान बहलातल्या कुणाच्या तरी लग्नाची जुनी गोष्ट सांगत होता, शम्सा मान न वळवता हसत होती. एवढ्यात उजवीकडच्या कच्च्या वाटेवरून हिरव्या चाऱ्यानं भरलेली पिकअप सरळ रस्त्यावर आली. हिलालनं ब्रेकवर पाय दाबला, स्टिअरिंग वळवलं. तरीही गाडी आदळलीच.

आवाज झाला, आणि मग पांढरी धूळ, जळका वास. हिलालच्या पुढ्यात फुगलेली पिशवी हळूहळू खाली बसत होती. त्यानं हात हलवले, पाय हलवले. सगळं जागेवर. मागं मैथा जोरात रडायला लागली, म्हणजे तीही ठीक. त्यानं दाराला हात लावला, आणि दार अलगद उघडलं. पुढचं सगळं चेचलं होतं, आणि दार मात्र उघडलं.

त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं असेल? भीती नव्हे. देवाचे आभारही नव्हेत. ‘बघा, मी सांगत होतो ना!’ हे आलं. अभिमानानं छाती फुगली त्याची. पुढं आयुष्यभर त्याला जो क्षण आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तो हाच.

मग त्यानं शेजारी पाहिलं. शम्साची सीट पाठीतून पुढं वाकली होती. शम्साचा पट्टा तिला धरून होता, पण मागून तिच्यावर म्हातारा कोसळला होता, आणि त्या दोहोंच्या मध्ये ती चेमटली होती. खलफानचं डोकं तिच्या खांद्यापाशी होतं, कपाळातून रक्त वाहत होतं. शम्सा डोळे सताड उघडे ठेवून म्हणत होती, “मला हात नाहीये. हिलाल, माझा हात कुठं गेला?”

हात होता. पण तिला तो कळत नव्हता.

फोनवर कळल्याबरोबर निघालेला बद्र निझवाच्या इस्पितळात त्यांच्या आधीच येऊन उभा होता. पिकअपवाल्याचा पाय मोडला होता, एवढंच. मैथाला ओरखडाही नव्हता. खलफानच्या कपाळाला टाके पडले, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. शम्साचं खांद्याचं हाड मोडलं होतं, मानेच्या मणक्याला तडा गेला होता, आणि उजव्या हाताची नस दबली होती. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाईंचा आवाज शांत होता.

“पुढून तिला काहीच झालेलं नाही. गाडीनं तिला सांभाळलं. हा मार मागून आहे. मागं कोण बसलं होतं? पट्टा लावला होता?”

हिलालनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खलफान बोलला.

“मी बसलो होतो. नव्हता लावला. हा पोरगा सांगून सांगून थकला, पण मला गुदमरल्यासारखं होतं त्या पट्ट्यानं. म्हातारा माणूस, हट्टी. माझंच चुकलं, बाई.”

हिलालनं वडिलांकडं पाहिलं. म्हातारा त्याच्याकडं पाहत नव्हता. तो प्लास्टरमधल्या आपल्या हाताकडं पाहत होता.

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. हिलालच्या जिभेवर ते आलंही. पण बद्र वळला होता, आणि त्याचे डोळे लाल होते.

“काका,” बद्र म्हणाला, “तुमचा मुलगा सगळ्या निझवाला पट्टे लावायला शिकवतो, आणि तुम्हाला तेवढं ऐकता आलं नाही? लहान पोर तरी ऐकतं हो! माझ्या बहिणीचा हात गेला तर तुमच्या हट्टाला काय म्हणू मी?”

“म्हण, बाळा, म्हण. तुझा हक्क आहे.”

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. हिलालनंही घातली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, बापाची मुलाला लाज वाटते आहे.

पुढचे दिवस खलफानच्या घरी माणसांची रीघ लागली. लोक कॉफीचे छोटे पेले रिकामे करत आणि आपापल्या परीनं म्हाताऱ्याला दोन शब्द सुनावत. कुणी थट्टेनं, “खलफान, आता आम्ही तुला दोरीनं बांधून नेऊ,” कुणी गंभीरपणे, “मुलांचं ऐकावं रे या वयात.” आणि मग तेच लोक हिलालकडं वळून म्हणत, “अल्लानं वाचवलं. आणि गाडी! गाडी मात्र मानली तुझी.” हिलाल कॉफी ओतत राही. मान वर करत नाही म्हणून लोकांना वाटे, अजून धक्क्यातून सावरला नाही बिचारा.

रात्रंदिवस तो ठरवायचा, वडिलांशी एकांतात बोलायचं. पण एकांत मिळाला की खलफान प्रार्थनेला उठे, नाही तर डोळे मिटून घेई. म्हाताऱ्यानं जणू दार लावून घेतलं होतं.

अशात शोरूमचे साहेब हुसाम भेटायला आले; सगळे त्यांना मानानं उस्ताद म्हणत. ते दूर अम्मान शहरातून आलेले, बोलायला गोड. त्यांनी चेपलेली गाडी ओढून आणून शोरूमच्या दारात उभी करवली होती.

“लोक थांबून बघतात, हिलाल! पुढचा भाग गेला, पण आतली जागा जशीच्या तशी. अशी जाहिरात विकत मिळत नाही. तू फक्त शेजारी उभा राहा. एक फोटो. तुझ्या तोंडून लोकांना खरं वाटेल.”

“माझी बायको इस्पितळात आहे, उस्ताद.”

“पण जिवंत आहे ना? ते कुणामुळं? गाडीमुळंच ना?”

नाही म्हणायला काही कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण एकच होतं. हिलाल गेला. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. हुसाम म्हणाले, “जरा हस की.” तो हसला.

फोटो त्याच संध्याकाळी गावभर फिरला. खाली लिहिलं होतं, ‘माझ्या घरच्यांना हिनं वाचवलं.’

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला तेव्हा शम्साच्या मानेला कडक पट्टा होता, उजवा हात छातीशी बांधलेला. डाव्या हातात मोबाइल होता. तिनं तो त्याच्यापुढं धरला.

“छान आलाय तुझा फोटो.”

त्यानं मोबाइल घेऊन उशाशी ठेवला.

“मी पुढंच बसले होते, हिलाल. मला ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, जरा ये. तू म्हणालास, पाच तारे. मला तेव्हा हसू आलं होतं.” मान हलवता येत नसल्यानं ती छताकडं पाहूनच बोलत होती. “मी वाट बघत होते. म्हटलं, आज सांगेल. उद्या सांगेल. बद्र इथं येऊन रोज बाबांना शिव्या घालून जातो. मी ऐकून घेते. का, तर तू सांगावंस म्हणून. आणि तू काय केलंस? हसलास.”

“मला सांगायचं होतं, शम्सा. बाबाच मधे बोलले.”

“बाबा एकदाच बोलले. त्याच्यानंतरचं गप्प बसणं तुझं आहे.”

तो तिथून उठला आणि सरळ घरी आला. दुपार टळली होती, बाहेरच्या खोलीत, मजलिसमध्ये, दोन शेजारी होते, आणि बद्रही. शम्साला इस्पितळातून थेट बहलाला नेणार, हे सांगायला तो आला होता.

“आईकडं राहील ती, बरी होईपर्यंत,” तो म्हणत होता. “आणि भाऊजी, राग मानू नका, पण काकांना पुन्हा माझ्या बहिणीच्या मागं बसवू नका.”

खलफान म्हणाला, “खरं आहे रे बाबा.”

“खरं नाहीये,” हिलाल म्हणाला. दारातच उभा होता तो, चपलाही काढल्या नव्हत्या. “बाबा पट्टा लावत होते. मी कव्हर घातलं होतं, त्याच्याखाली खाच दबली होती. त्यांनी मला बोलावलं, आणि मी उतरलो नाही. मी म्हणालो, मागं कशाला हवाय. मी म्हणालो. मी.”

एका शेजाऱ्यानं हातातला पेला खाली ठेवला. बद्रनं एकदा हिलालकडं पाहिलं. मग उठला, खलफानपाशी जाऊन गुडघ्यावर बसला आणि म्हाताऱ्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं.

“काका, मला माफ करा. मी काय काय बोललो तुम्हाला.”

“सोड रे. सोड,” खलफान पुटपुटत राहिला. बद्र उठून हिलालच्या अगदी अंगावरून बाहेर गेला. एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

माणसं गेल्यावर हिलालला वाटलं, आता बाप जवळ घेईल. खलफान मात्र संतापला.

“कुणी सांगितलं होतं तुला? मी म्हातारा आहे. चार दिवस लोक मला हसले असते आणि विसरले असते. तुझं कोण विसरणार? आणि मला खोटाडा केलंस. डॉक्टरीणबाईपुढं, साऱ्या गावापुढं.”

“मग काय करायला हवं होतं मी, बाबा?”

“त्या दिवशी गाडीतून उतरायला हवं होतं,” म्हातारा म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

हिलालनं हुसामना फोटो काढून टाकायला सांगितलं. का, तेही सांगितलं. ते म्हणाले, “हे तुझ्या घरचं आहे, हिलाल. गाडीनं तर तिचं काम केलं ना?” गाडीनं तिचं काम केलंच होतं.

महिना उलटल्यावर बहलाहून निरोप आला. शम्साची बोटं हलू लागली होती, आणि तिच्या आईनं दोघा बापलेकांना जेवायला बोलावलं होतं. दोघे भाड्याच्या गाडीनं गेले. वाटेत खलफान ड्रायव्हरशी पावसापाण्याचं बोलला, मुलाशी नाही.

शम्सा आतल्या खोलीत होती. मैथा तिच्या डाव्या मांडीवर. मानेचा पट्टा निघाला होता. तिनं हिलालला बसायला सांगितलं, उजव्या हाताची दोन बोटं उचलून दाखवली.

“एवढंच जमतं अजून.”

“तुला माझी लाज वाटते का, शम्सा?”

“नाही. राग येतो. राग माझा आहे, तो जाईल केव्हातरी. लाज तुझी. ती तुझी तू बघ.” मग जरा वेळानं, “जा, जेवण मांडलंय. बद्रला वाट बघायला लावू नकोस.”

बाहेर भाताचं मोठं ताट मधोमध आलं होतं, वर मऊ शिजलेलं बकऱ्याचं मांस. सगळे भोवती बसले. यजमान बद्र. त्यानं सर्वांत चांगला तुकडा हातानं सोडवून खलफानच्या पुढ्यात ठेवला. “घ्या, काका.” दुसरा ठेवला. तिसरा.

मग त्यानं आणखी एक तुकडा काढला आणि हिलालच्या बाजूला सरकवला. पाहुणा दारी आला होता, त्याला वाढणं भाग होतं. वाढताना त्याची नजर ताटावरच होती.

हिलालनं तो उचलला आणि खाली मान घालून खाल्ला.