अकराचं ऊन

वच्छलाबाईंचा उभा जन्म वैजापूरकडच्या कांद्याच्या वावरात गेला. मुलगा रामकिसन नोकरीला लागला आणि त्यानं आईला हर्सूलच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथं आराम इतका, की तीन वर्षं अंगाला ऊन म्हणून लागलं नाही. मग मांड्या दुखू लागल्या, जिना चढवेना. एकदा देवापुढं बसल्या, तर उठताच येईना; रामकिसननंच काखेत हात घालून उठवलं.

"वय झालं माझं."

"अठ्ठावन्न म्हंजे काय वय हाय व्हय?" म्हणत त्यानं दवाखान्यात नेलं.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर कालिंदीताई म्हणाल्या, "मावशी, ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय."

"पण मी दोन टाइम दूध पिते की!"

"दुधातलं कॅल्शियम आतड्यानं उचलायला हवं ना? कातडीवर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं. आधी लिव्हर त्याला घडवतं, मग किडनी. तेव्हा कुठं ते आतड्याला कॅल्शियम घ्यायला लावतं. ते नसलं की हाडं दुखतात, मांड्यांतलं बळ जातं."

"म्हंजे ऊन हाडाला लागतं?" वच्छलाबाई इतक्या हसल्या, की बाहेरचे पेशंट डोकावले.

आठवड्याला एक गोळी आणि अकराच्या सुमारास गच्चीवर ऊन. काचेआडून चालणार नव्हतं. कठडा धरत धरत वर जाऊन, बाह्या वर सारून त्या बसायच्या. शेजारच्या यमुनाबाई, रिटायर्ड मास्तरीण, पापड वाळवायला यायच्या. गप्पांत गोळ्या कधी संपल्या, कळलंही नाही.

तिसऱ्या महिन्यात एक वानर पापडांवर झेपावलं. वच्छलाबाई ताडकन उठल्या, चप्पल उगारून टाकीभोवती दोन चकरा धावल्या. वानर पळालं.

यमुनाबाई बघतच राहिल्या. "अहो, तुम्ही पळालात!"

"मी?" वच्छलाबाईंनी आपल्याच गुडघ्यांकडं पाहिलं. खाली बसल्या, उठल्या. परत बसल्या, उठल्या. "आवं, लई मज्जा हाय ही! हात द्या इकडं!"

"ह्या वयात फुगडी?"

"द्या म्हनते ना!"

दोघी गरगरल्या. टाकी फिरली, तारेवरचे कपडे फिरले, यमुनाबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. दणदण ऐकून रामकिसन धापा टाकत वर आला.

"आई, पडशील!"

"पडंन तर पडंन! धर बाईचा चष्मा!" ओरडत त्यांनी वेग वाढवला.