सेलवर ठेवलेलं नाणं

“त्या मशिनपाशी पोरीला रांगू देऊ नकोस गं,” असं वासंतीबाई म्हणाल्या होत्या. स्पृहाने “हो आई” म्हटलं आणि सोडून दिलं. सासूबाई गीझर, मनीप्लँट आणि समोरचे लिमये या सगळ्यांविषयीच असं म्हणत.

स्पृहा काही बेफिकीर नव्हती. स्वराली झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास चालू असल्याची खात्री करायची. पण आधीच्याच काळज्या पुरेशा होत्या. त्यात एका स्पॉट वेल्डरची भर कुठे घालायची?

तिच्या नवऱ्याने, सलिलने, मागवलेलं ते यंत्र साबणाच्या डबीएवढं होतं. निकेलची पातळ पट्टी सेलवर ठेवायची, तांब्याची दोन टोकं वरून दाबायची, टच् असा आवाज होतो आणि पट्टी चिकटते. निदान व्हिडिओत तरी चिकटते. जुन्या लॅपटॉपमधले सेल असे जोडून सलिल पाळण्यावरच्या पंख्यासाठी बॅटरी करत होता. निम्म्या पट्ट्या ओढल्या की हातात यायच्या.

“सेटिंग चुकतंय,” तो म्हणायचा.

“तयार पंखा मिळतो,” स्पृहा म्हणायची.

सोमवारी तिची रजा संपणार होती. पाहिलेली सगळी पाळणाघरं तिने नापास केली होती. स्वरालीला ती निर्धास्त सोपवू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्यासाठीच वासंतीबाई कर्वेनगरचा फ्लॅट बंद करून बिबवेवाडीला आल्या होत्या.

खंडेनवमीला त्यांनी हॉलमध्ये पाट मांडून त्यावर घरातली अवजारं ठेवली. विळी, अडकित्ता, दोघांचे लॅपटॉप, स्पॉट वेल्डर आणि ती अर्धवट बॅटरी. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, विड्याच्या पानावर सुपारी आणि नाणं. बॅटरीवर पान मावेना, म्हणून नुसतं नाणं.

ते एका सेलच्या टोकावरून शेजारच्याच्या टोकावर आडवं बसलं. चर्र झालं, ठिणग्या उडाल्या आणि नाणं जागच्या जागी वेल्ड झालं. इतका पक्का सांधा सलिलला एकदाही जमला नव्हता. मग धूर यायला लागला. स्वराली आनंदाने पाटाकडे रांगत निघाली होती. स्पृहाने तिला उचललं. वासंतीबाईंनी बॅटरी उचलली, नुसत्या उजव्या हाताने, आणि बाल्कनीतल्या मातीच्या कुंडीत टाकली. तिथे ती बराच वेळ फुसफुसत राहिली.

“आई, नाणं कशाला ठेवलंस?” त्यांचा हात नळाखाली धरून सलिल ओरडला.

“दरवर्षी ठेवते.”

“दरवर्षी बॅटरी नसते!”

“दरवर्षी तू काहीतरी नवीन आणतोस.”

डॉक्टरांकडून बँडेज करून आल्या आणि वासंतीबाई बॅग भरायला बसल्या. डाव्या हाताने.

“माझ्या हाती आता पोर देऊ नका.”

“अहो आई, तुम्हीच तर उचललीत ना ती बॅटरी!”

“ठेवलीही मीच होती ना.”

स्पृहा स्वरालीला कडेवर घेऊन मागोमाग खाली उतरली. तोवर रिक्षा निघून गेली होती.

सलिलने वेल्डर डब्यात घालून माळ्यावर टाकला. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. स्पृहाने रुजू होणं एक आठवडा पुढे ढकललं. रोज फोन केला की सासूबाई म्हणतात, “मजेत आहे, स्वरालीला शिंकू देऊ नकोस,” आणि ठेवतात. ती भेटायलाही जाऊन आली. उजवा हात पूर्णवेळ पदराखाली होता. “बरा झाला,” एवढंच. बँडेज बदललं का, जेवणाचं काय चाललंय, काही कळलं नाही. स्वरालीने हात पसरले, तर वासंतीबाई गॅस बंद केला का ते बघायला आत गेल्या. गॅस पेटवलेलाच नव्हता.

घरच्यांना त्या ताकास तूर लागू देणार नाहीत. परक्याला कदाचित दिसेल. म्हणून स्पृहाची एक विनंती आहे. तुम्ही कर्वेनगरच्या बाजूला जाणार असाल, तर जरा वासंतीबाईंकडे डोकावून या. कुठल्या तरी सर्वेक्षणाचं नाव सांगा. पाणी मागा. आणि तांब्या-भांडं कुठल्या हाताने पुढे येतं, तेवढं बघून कळवा.