पीडीएफ उघडत नाही

नीटचा निकाल दुसऱ्यांदा लागला आणि दुसऱ्यांदाही मी त्याच जागी राहिले, जिथे सरकारी कॉलेज मिळत नाही आणि "थोडक्यात हुकलं" म्हणायलाही लाज वाटते. रडू काही आलं नाही. माझी रूममेट श्रद्धा, उमरीची, तिच्या वाटचं आणि माझ्या वाटचं दोन्ही रडून घेत होती.

मी म्हटलं, "पप्पा येऊन राहिलेत कंधारहून. आज सांगून टाकते. परत एक वर्ष रिपीटर बॅचला बसणार न्हाई."

ती नाक पुसत म्हणाली, "तू सांगतीस! दोन वर्षं झाली ऐकून राहिले मी."

आता माझ्या कॉम्प्युटरचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे कळायचं नाही.

लातूरच्या आमच्या होस्टेलात मोबाईल होस्टेल सांभाळणाऱ्या मावशींच्या कपाटात असतो, संध्याकाळी तासभर हातात मिळतो. मागच्या वर्षी मी रिपीटरला बसले तेव्हा पप्पांना वाटलं, पोरीला अभ्यासाला काहीतरी यंत्र पाहिजे, पण करमणुकीचं नको. पप्पा कंधारला शाळेत इतिहास-भूगोल शिकवतात, त्यामुळे करमणूक कुठून कुठून घुसते याचा त्यांचा अभ्यास दांडगा. पुण्याच्या मिहिरदादाकडे, म्हणजे माझ्या मावसभावाकडे, एक कॉम्प्युटर पडून होता. होता नवाच, पण मुद्दाम चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती कॉम्प्युटरसारखा बनवलेला. सगळं कीबोर्डच्या पोटात. वायर टीव्हीला जोडली की निळा पडदा आणि पांढरी जाडजूड अक्षरं. इंटरनेटचं नाव नाही.

त्याच्यासोबत एक पुस्तक आलं होतं आणि त्यात एक पान होतं, हा कोणकोणत्या प्रकारच्या फाइली उघडतो त्याचं. साधा मजकूर, म्हणजे टीएक्सटी. सोळा रंगांतली चित्रं, तीही त्याच्या स्वतःच्या प्रकारातली. पीं-पीं वाजणाऱ्या चाली. आणि बेसिक भाषेतले प्रोग्राम. बस्स. पप्पांनी ते पान मेथीची जुडी निवडावी तसं निवडलं. पिक्चर नाही, गाणी नाहीत, रील तर नाहीच नाही. जे नव्हतं ते बघून ते इतके खूश झाले, की पीडीएफही नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आणि क्लासचं तर सगळं पीडीएफमध्येच यायचं. नोट्स, पेपर, उत्तरं, रविवारच्या परीक्षेतली रँक. पालकांचा वेगळा ग्रुप, त्यावरही तेच सगळं, म्हणजे आम्ही किती पाण्यात आहोत ते घरी आमच्याआधी कळायचं.

होस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता, केबल तोडलेला. त्याला मी कॉम्प्युटर जोडला आणि मेमरी कार्डावर घालून एक पीडीएफ उघडून पाहिली. निळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली: ही फाइल मला ओळखता येत नाही. मी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. मला हे येत नाही, असं सरळ सांगणारं अख्ख्या लातुरात मला ते एकच भेटलं होतं.

मग रोज चहाच्या वेळेला मी त्याच्यासमोर बसायला लागले. कंधारच्या किल्ल्याचा खंदक काढला. सोळा रंगांत हिरवा एकच, तोही पोपटी, त्यामुळे खंदकातलं पाणी लग्नातल्या सरबतासारखं दिसायचं. मजा यायची असं म्हणणार नाही. तेव्हा कशातच काही वाटत नव्हतं, जेवण जेवायचं म्हणून जेवत होते. पण तिथं माझी रँक येऊ शकत नव्हती. दिवसातला तेवढाच वेळ माझी मान मोकळी असायची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पप्पांनी विचारलं, "मग, जमून राहिला का त्याच्यात अभ्यास?"

"पीडीएफ उघडत न्हाई त्यात," मी सांगितलं.

पप्पांचा चेहरा पडला. "आता घ्या! एवढं पान वाचलं मी अन् नेमकं तेच बघितलं न्हाई. परत देऊ का मिहिरला?"

"राहू द्या," मी म्हटलं. विषय तिथंच संपला असं मला वाटलं. पण पप्पांचा विषय असा संपत नसतो.

तर निकालाच्या दिवशी दुपारी पप्पा आले. हॉलमध्ये माझ्यासमोर बसले, मम्मीनं दिलेला धपाट्यांचा डबा पुढे केला. "निकाल बघितला मी. असू दे," एवढंच म्हणाले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं.

"हे लाव बरं तुझ्या कॉम्प्युटरला."

मी लावलं. पडद्यावर फाइलींची नावं उतरत गेली, खालपर्यंत. फिजिक्स, केमिस्ट्री, झूऑलॉजी, सगळ्यांच्या शेवटी टीएक्सटी. मी एक उघडली. नेहमीची ओळ आली नाही. क्लासचा पेपर आला, पांढऱ्या जाड अक्षरांत, प्रश्न, चार पर्याय, परत प्रश्न. मी बटण दाबत राहिले आणि तो संपेना.

"पालकांच्या ग्रुपवरचं सगळं टायपलं," पप्पा म्हणाले. "शाळेच्या लॅबमधी बसून. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. एका बोटानं, दुसरं काय. चित्रं बी हायत. मिहिरनं प्रोग्राम धाडला, त्यात काढली. ते हृदय उघड."

मी हृदय उघडलं. अर्धं लाल, अर्धं निळं, सगळं चौकोनांचं. झडपाही होत्या, प्रत्येकीला नाव.

"लई तरास दिला त्यानं. चौकोनात गोलाई येईनाच गेली."

शाबासकीची वाट बघावी तसे ते माझ्याकडे बघत होते. माझ्या एकुलत्या एका बंद दाराला ते दिवाळीपासून बसून खिडकी पाडत होते, आणि तीही माझ्यासाठीच. मला वाटलं, आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"पप्पा, मला न्हाई बसायचं परत. मला डॉक्टर व्हायचंच न्हाई."

ते पडद्याकडे वळले. हॉलच्या दाराशी मावशी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

"ठाव हाय मला," पप्पा म्हणाले.

मी पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

"दिवाळीलाच कळालं. पीडीएफ उघडत न्हाई म्हनलीस, तवा तुझं तोंड बघितलं मी. तुला वाईट वाटलेलं नव्हतं, शिवांगी."

"मग हे कशाला केलं?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "रोज ठरवायचो. आज फोन लावायचा, म्हनायचं सोड ते, ये घरी. अन् मंग तुझी मम्मी डोळ्यापुढं यायची. गल्लीभर सांगून ठेवलंय तिनं, आमची शिवांगी डॉक्टर होऊन राहिली. तिला कोन सांगनार? माझ्यात तेवढी हिंमत न्हाई. मंग फोन ठेवायचो अन् एक पान टायपायचो."

मला राग यायला पाहिजे होता. निदान त्यांच्याबद्दल माया तरी यायला पाहिजे होती. दोन्ही दारापर्यंत आली आणि परत गेली. माझ्या मांडीवर डबा होता, त्याचं झाकण मी नुसतं लावत आणि काढत होते.

"हे एक वर्ष बस," ते हळू आवाजात म्हणाले. "एकच. पुढच्या साली मी सोत्ता सांगतो तिला."

"हाव, बसते," मी म्हटलं.

ते उठले. क्लासच्या ऑफिसात माझं नाव घालायला जायचं होतं, ते पाचला बंद होतं. दारापर्यंत गेले आणि काहीतरी आठवून मागे वळले.

"बॉटनी ऱ्हायलीय अजून," ते म्हणाले. "दसऱ्यापर्यंत करतो."

"सावकाश करा," मी म्हटलं.